‘बसतंय ना साहेब!’

मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी ‘बसतं’ असं सांगेन. शिव्या बिचाऱ्या निरुपद्रवी असतात. हा शब्द मात्र भल्याभल्यांना गप्प करतो. चाक हबवर गेलं, नट आवळले, गाडी जॅकवरून खाली आली, गल्लीत एक चक्कर मारली, कुठे घासलं नाही. झालं! ‘बसतंय ना साहेब?’ या प्रश्नात उत्तर आधीच दिलेलं असतं, आपण फक्त पैसे द्यायचे असतात.

आमच्या धंद्यात याला ‘कंपाइल झालं’ म्हणतात. नुसता कंपाइल झालेला कोड प्रॉडक्शनला टाकणाऱ्या पोराला आपण सोमवारच्या मीटिंगमध्ये सोलून काढतो. तोच आपण शनिवारी टायरवाल्याकडे जाऊन ‘बसतंय ना? मग लावा’ म्हणून मोकळे होतो. एरवी शंभर टेस्ट केसेस मागणारी माणसं, चाकाच्या बाबतीत एका टेस्टवर खूश. का? कारण चाक चमकत असतं.

निमित्त ओम्नीचं आहे. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली, १९८८ पासून ओम्नी झालेली आणि २०१९ साली उत्पादन थांबलेली ही पावाच्या लादीसारखी गाडी. तिने दूध वाहिलं, मंडपाचे पडदे वाहिले, शाळेची पोरं वाहिली, अँब्युलन्स झाली आणि हिंदी सिनेमात असंख्य अपहरणं केली. आता ती आयटीवाल्यांच्या हाती लागली आहे. आमच्याच मजल्यावर तीन जणांनी गेल्या वर्षभरात सेकंडहँड ओम्न्या घेतल्या. मागची सीट काढायची, गादी टाकायची, पिवळ्या दिव्यांची माळ सोडायची, आणि चालले हरिहरेश्वर. मला हे मनापासून आवडतं. सात आकडी कर्ज काढून एसयूव्ही घेण्यापेक्षा हे शंभर पटीने शहाणपणाचं आहे.

पण गादी आणि माळ झाली की तिसरी पायरी ठरलेली असते. बारा इंची पत्र्याच्या रिमा नजरेत खुपायला लागतात. एवढी उंच गाडी आणि खाली खेळण्यातली चाकं, पैलवानाने बाळाचे बूट घातल्यासारखी! हेही मला पटतं. अलॉय लावल्यावर ओम्नी देखणी दिसते, वादच नाही. तेव्हा ‘गाडीला हातच लावू नका, कंपनीने दिलंय ते पवित्र’ असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझं भांडण दुसऱ्या गाडीच्या चाकाशी नसून ते निवडण्याच्या पद्धतीशी आहे.

ही पद्धत कशी असते ते नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एकदा उभं राहून पाहा. दुकानदार भोकं मोजतो. चार? मग चारवाली काढ. दोन भोकांच्या मध्ये टेप लावतो, किंवा नुसत्या नजरेने सांगतो. याला पीसीडी म्हणतात. नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. ओम्नीचा, आणि जुन्या मारुती ८०० चासुद्धा, चार नट आणि ११४.३ मिलिमीटर. ११४.३ हा आकडा विचित्र वाटतो, पण ते सरळसरळ साडेचार इंच आहेत. सँट्रो, स्विफ्ट यांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. फोर्डच्या फिगोचं १०८. फियाट पॅलियोचं ९८. यातला ९८ आणि १०० चा घोळ तर प्रसिद्धच आहे. भोकागणिक एकच मिलिमीटर फरक, नट तिरका जातो, एअरगनने दाबला की ‘बसतो’. पुढे तो स्टड रोज वाकवला जातो आणि एक दिवस आपला राजीनामा देतो.

ओम्नीसाठी ११४.३ चं चाक शोधायचं तर सोय बरी आहे. शेवरलेने २०१७ साली भारतातली विक्री थांबवली, त्यामुळे ऑप्ट्रा आणि स्पार्क भंगारात निघतात, आणि दोघींचं वर्तुळ ११४.३ चंच. त्याआधीची मॅटिझ, तिचंही तेच. शिवाय नवीन अलॉयवाल्यांनी एक भन्नाट शोध लावलाय, आठ भोकांचं चाक. चार भोकं १०० वर, चार ११४.३ वर. एकच माल सँट्रोलाही विकायचा आणि ओम्नीलाही. ‘युनिव्हर्सल आहे साहेब!’ जी गोष्ट सगळ्यांना बसते ती कुणासाठीच बनवलेली नसते, हे तयार कपडे घेणाऱ्या कुणालाही विचारा.

तर पीसीडी जुळला. दुकानदाराची तपासणी इथे संपते. खरी तपासणी इथून सुरू व्हायला हवी.

सुझुकीच्या स्टडचा आटा बारा मिलिमीटर आणि पिच १.२५. ऑप्ट्राचा आटा बाराच, पण पिच १.५. ऑप्ट्राच्या अलॉयबरोबर तिचे चकचकीत नट फुकट मिळतात, ते ओम्नीच्या स्टडवर दीड-दोन फेरे हाताने जातात आणि अडकतात. अडकले की शहाण्या माणसाने थांबायचं असतं. पण हातात एअरगन असलेला माणूस थांबत नाही. ढर्रर्र! आटे खाऊन नट आत. वरून बघाल तर एकदम घट्ट. मी स्वतः एका दुकानात हे होताना बघून ‘दादा, पिच वेगळा आहे’ म्हटलं, तर उत्तर आलं, ‘साहेब, बाराचा नट, बाराचा स्टड. वीस वर्षं हेच करतोय.’ वीस वर्षं! मी काय बोलणार.

नटाची बैठक हा आणखी एक प्रकार. सुझुकीचा नट निमुळता असतो, साठ अंशांचा शंकू. होंडाच्या मूळ अलॉयची खोबण गोल असते, चेंडू बसेल अशी. गोल खोबणीत निमुळता नट लावला तर तो एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना पाना घट्ट लागतो, पण शे-दोनशे किलोमीटर गेलं की ॲल्युमिनियमची ती कड दबते आणि ताण गायब. म्हणून अलॉय लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट टॉर्क रेंचने परत तपासायचे असतात. हे तुम्हाला आजवर किती टायरवाल्यांनी सांगितलं?

इथे एक गैरसमज काढून टाकू. गाडीचं वजन नटांवर लोंबकळत असतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नट स्टडला ताणतो, त्या ताणाने चाकाची पाठ हबच्या तोंडावर दाबली जाते आणि त्या दोन सपाट पृष्ठभागांमधल्या घर्षणावर गाडी चालते. नट सैल झाला म्हणजे घर्षण गेलं, घर्षण गेलं म्हणजे चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागलं, आणि मग बिचाऱ्या स्टडवर जो मार बसतो तो त्याच्यासाठी नेमलेलाच नव्हता. चाकाच्या मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसावं लागतं तेही याचसाठी. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, कारण पुन्हा तेच, युनिव्हर्सल. मधली फट भरायला कडी मिळते, अगदी स्वस्त. ती मागितली की दुकानदार असा बघतो जणू आपण टायरमध्ये गुलाबपाणी भरायला सांगितलंय.

पण हे सगळं एकवेळ चालवून घेता येईल. योग्य नट घ्या, कडी घ्या, टॉर्क रेंच घ्या, सुटला प्रश्न. ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो तो मुद्दा वेगळाच आहे, आणि तो चाकावर दिसत नाही. तो टायरच्या कडेवर बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

ओम्नीचा मूळ टायर १४५ आर१२ एलटी. यातल्या ‘एलटी’कडे कुणी बघतच नाही. एलटी म्हणजे लाइट ट्रक. मारुतीवाल्यांनी ७९६ सीसीच्या, जेमतेम ३५ हॉर्सपॉवरच्या, वजनाने कारपेक्षाही हलक्या गाडीला ट्रकच्या जातीचा टायर का दिला असेल? हौस म्हणून नाही. ओम्नी रिकामी सुमारे ७८५ किलो. तिच्यात आठ माणसं बसवा, सरासरी ६५ किलोची, म्हणजे ५२० झाले. वर ८० किलो सामान. एकूण १३८५. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तीन चतुर्थांश भार ती पाठीवर घेऊन चालते. कुठलीही हॅचबॅक हे करत नाही. ओम्नी रिकामी असताना खेळणं असते आणि भरली की टेम्पो असते. तिच्या मागे पाटे दिलेत, ते काही शोभेला नाहीत.

आता आकडे बघा. ६ पीआरच्या १४५ आर१२ टायरचा लोड इंडेक्स ८०, म्हणजे एक टायर ४५० किलो पेलतो. त्याच्या जागी कारच्या जातीचा १५५/६५ आर१३ आला, जो तेरा इंची अलॉयबरोबर सर्रास गळ्यात मारतात. त्याचा इंडेक्स ७३. म्हणजे ३६५ किलो. चार चाकांचा हिशेब केला तर १८०० वरून १४६०. तीनशे चाळीस किलो गायब! पाच माणसांचं वजन सहीसलामत वाहून न्यायची गाडीची ताकद तुम्ही काढून घेतली, आणि त्याबद्दल पैसे मोजलेत.

कुणी म्हणेल १४६० तरी १३८५ पेक्षा जास्तच आहेत की. पण वजन चारही चाकांवर सारखं पडत नाही. गाडी भरली की मागच्या एक्सलवर जास्त येतं. पंचावन्न टक्के धरा, मागच्या एका टायरवर ३८० किलोच्या वर जातं. ३६५ चा टायर. हे झालं सपाट रस्त्यावर, उभ्या गाडीचं. वरंध घाटातल्या वळणावर बाहेरच्या चाकावर किती येतं आणि त्यात खड्डा आला तर किती, हा हिशेब तुम्हीच करा. ‘थोडी जास्त हवा मारू की’ हा त्यावरचा हमखास तोडगा. हवा वाढवून टायर त्याच्या लिहिलेल्या मर्यादेपर्यंत नेता येतो, मर्यादेच्या पलीकडे नाही. पंपाने इंडेक्स बदलत नाही.

गंमत म्हणजे १६५/६५ आर१३ घेतला तर इंडेक्स ७७, म्हणजे ४१२ किलो, आणि बाहेरचा व्यासही मूळच्या जवळपास येतो. आठ जणांसाठी तोही मूळ टायरच्या मागेच आहे, पण दोघं जण आणि गादी एवढंच नेणाऱ्याला तो निभावेल. म्हणजे त्याच दुकानात, त्याच मांडणीवर, कमी वाईट पर्याय ठेवलेला असतो. फरक फक्त कुणीतरी दोन आकडी संख्या वाचण्याचा.

जे टायरचं तेच रिमचं. प्रत्येक धड अलॉयच्या पाठीवर ती किती किलो पेलते ते ओतलेलं असतं. जपानी मालावर जेडब्ल्यूएल अशी खूण दिसेल, ती कारच्या अलॉयची. ट्रक आणि बसच्या अलॉयसाठी त्यांची वेगळी खूण आहे, जेडब्ल्यूएल-टी. ओम्नी ज्या सुझुकी कॅरीवरून आली ती जपानची, आणि त्या देशाला मालवाहू चाक आणि कारचं चाक यातला फरक मांडायला एक आख्खं अक्षर खर्च करावंसं वाटलं. आपल्याकडे पाठीवर काहीच न लिहिलेली चाकं ‘इम्पोर्टेड’ म्हणून जातात.

मग मोठ्या गाडीचं चाक घेऊ, ऑप्ट्राचं? ती स्वतःच वजनदार सेडान होती, रिम नक्कीच मजबूत. बरोबर. पण आता दुसरं टोक. पंधरा इंची रिमवर १८५/५५ टायर चढवला की बाहेरचा व्यास साधारण ५८४ मिलिमीटर होतो. मूळचा ५४३ च्या आसपास. सात-साडेसात टक्के वाढ. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ वर असेल. ३५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला चढावर तेवढंच जड जाईल आणि उतारावर तेच ब्रेक तेवढेच तोकडे पडतील. शिवाय ऑफसेट. म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारी पाठ किती आत वा बाहेर आहे ते. तो चुकला की चाक बाहेर येतं, बेअरिंगवर जास्त लांब दांड्याने भार पडतो, किंवा आत जातं आणि शॉकअपला घासतं. घासलं की स्पेसर. स्पेसर टाकला की स्टडवर नटाला धरायला आटे कमी. नटाला पुरेसे फेरे मिळायला हवेत. तुमच्या गाडीचे मोजलेत कधी? आणि ओम्नीत ड्रायव्हर बसतो पुढच्या चाकाच्या डोक्यावर. तिथे काही सुटलं तर मध्ये बॉनेट नाही, इंजिन नाही, पायाखाली पत्रा आणि खाली चाक.

थोडक्यात, ज्या चाकाचं माप जुळतं त्याची ताकद कमी पडते, आणि ज्याची ताकद पुरते त्याचं माप चुकतं. ही ओम्नीची खरी गोची आहे. ती सुटत नाही असं नाही. तेरा इंची, ११४.३ ची, पाठीवर भरपूर किलो लिहिलेली रिम आणि तिच्यावर एलटी जातीचा टायर, असं जुळवता येतं. वेळ लागतो, चार दुकानं फिरावी लागतात, आणि टायर कमी ‘स्पोर्टी’ दिसतो. एवढंच.

आता हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं. २०१२ ची ओम्नी आहे त्याची, मागच्या दिवाळीत घेतलेली. आठ भोकांच्या अलॉय त्याने लावून झाल्या होत्या, १५५ चे टायर, सगळं शास्त्रोक्त चुकीचं. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तू उगाच घाबरवतोस. माझ्या मित्राची चार वर्षं चालतेय.” हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. चार वर्षं चालतेय! मित्राच्या ओम्नीत मित्र आणि त्याची बायको असतात, झालंच तर एक कुत्रा. भाच्याच्या गाडीत गणपतीला माझी बहीण, तिचे सासू-सासरे आणि चार पोरं बसून रत्नागिरीला जाणार आहेत. रिकाम्या गाडीचा अनुभव भरलेल्या गाडीला लागू करणं म्हणजे एका युजरवर टेस्ट करून सेलच्या दिवशी साइट उघडणं. आणि धातू थकतो तो सांगून थकत नाही. तडा खोबणीच्या मुळाशी सुरू होतो, आत असतो, वर्षभर वाढतो. तोपर्यंत गाडी ‘चालतेय’च असते.

मी त्याला म्हटलं, निदान त्या दुकानदाराकडून बिलावर लिहून आण, रिम किती किलोची आहे. तो गेला, बिचारा. दुकानदाराने बिल दिलं, त्यावर लिहिलं होतं ‘अलॉय ४ नग’. वर एक मोफत सल्लाही दिला, ‘जुन्या रिमा ठेवा साहेब. पासिंगला त्या लावून जा, नंतर या, परत बदलून देतो.’

या सल्ल्यात आपल्या देशाचा आख्खा कारभार आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी असते. त्या एका दिवसासाठी गाडी खरी, बाकी वर्षं खोटी. का? कारण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळ हायकोर्टाचा सैल अर्थ उलटवून हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं, त्यात नियमाबाहेरचा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऐकायला कडक. पण बघा, शिक्षा मालकाला. लोड न लिहिलेलं चाक विकणाऱ्याच्या, आटे खाऊन नट ठोकणाऱ्याच्या बिलावर ‘४ नग’ एवढंच.

आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्याला हे नीट करायचंय त्याला जायला खिडकीच नाही. मी उद्या सगळे आकडे जुळवून, कागद घेऊन आरटीओत गेलो आणि म्हटलं, ‘हे चाक, हा टायर, ही ताकद, तपासा आणि पुस्तकात नोंद करा’, तर समोरचा माणूस मला चहा पाजून परत पाठवेल. वेडा आहे, जाऊ दे. ‘नाही’ म्हणणारा कायदा आणि ‘बसतंय’ म्हणणारा बाजार, यांच्यात ‘हो, पण असं’ म्हणणारा कुणीच नाही. जिथे सगळंच बेकायदा असतं तिथे नीट करणारा आणि वाट्टेल तसं करणारा एकाच रांगेत उभे राहतात. मग नीट करण्याची यातायात कोण करेल?

जर्मनीत हेच कसं होतं ते आमच्या टीममधल्या स्टुटगार्टच्या एकाकडून कळलं. त्याच्याकडे फोक्सवॅगनची जुनी टी-४ व्हॅन आहे, तिकडची ओम्नीच म्हणा. त्या मंडळींनाही आपल्यासारखीच खाज असते. टी-४ ला पाच बोल्ट, ११२ चं वर्तुळ, आणि मर्सिडीजचंही ११२ च. त्यामुळे मर्सिडीजची अलॉय व्हॅनला लावायची तिथे जुनी फॅशन आहे. पण मर्सिडीजचं मधलं भोक ६६.६ आणि टी-४ चं ५७.१, म्हणजे कडी हवी. बोल्टची बैठक तपासायला हवी. आणि चाक किती पेलतं याचा उत्पादकाचा कागद हवा. हे सगळं घेऊन तपासनिसाकडे जायचं. तो गाडी उचलून बघतो, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघतो, आकडे पडताळतो आणि पटलं तर कागदपत्रांत नोंद करतो. त्यांच्या नियमावलीचं कलम २१ अशा एकेकट्या गाडीच्या मंजुरीसाठीच आहे. न पटलं तर नाही म्हणतो. नोंद न करता चालवली तर गाडीचा परवानाच रद्द होऊ शकतो, तेव्हा ते काही लाड करत नाहीत. पण तिथे ‘हो’ मिळण्याचा रस्ता आहे, म्हणून लोक विचारतात. लोक विचारतात म्हणून दुकानदाराला कागद ठेवावा लागतो.

‘आपल्याकडे ती खिडकी उघडली तर तिथेही चिरीमिरी चालू होईल’ हा आक्षेप मला माहीत आहे. होईल कदाचित. पण आज काय चालू आहे? पासिंगच्या आदल्या दिवशी चार जुन्या रिमा लावायचा आणि नंतर काढायचा खर्च, तोही एक प्रकारचा हप्ताच आहे, आणि त्याच्या बदल्यात कुणीही चाकाकडे बघत नाही.

खिडकी उघडेल तेव्हा उघडेल. तोवर आपल्या हातात बिल आहे. आपण शहरातले पगारदार लोक, दुकानदाराच्या भाषेत ‘चांगली पार्टी’. फोनच्या कव्हरचे तीस रिव्ह्यू वाचून मग घेणारे. आपण चार बोटांएवढी मागणी केली तर फरक पडतो. बिलावर पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि लोड हे चार आकडे लिहून द्या, मगच पैसे. टायरवर एलटी नसेल तर इंडेक्स मोठ्याने वाचून दाखवा. नट आधी हाताने फिरवा, गन नंतर. दुकानदार वैतागेल. वैतागू दे. दहाव्या गिऱ्हाइकापर्यंत त्याला आकडे पाठ होतील, कारण शेवटी तो हुशार माणूस आहे, वीस वर्षं हेच करतोय.

आणि हो, स्टेपनी. अलॉय लावलेल्या बहुतेक ओम्नींत स्टेपनी मूळचीच, बारा इंची पत्र्याची असते. अलॉयसाठी नट बदलले असतील तर ते पत्र्याच्या रिमला चालतीलच असं नाही. तेव्हा मूळचे चार नट एका पिशवीत घालून पान्याबरोबर ठेवा. रात्री साडेअकराला ताम्हिणीत पंक्चर झाल्यावर तिथे ‘बसतंय ना साहेब’ म्हणायलासुद्धा कुणी नसतं.

भाचा सध्या माझ्याशी जपून बोलतोय. बहिणीने मात्र परवा फोन करून विचारलं, “ते लोड इंडेक्स कुठे लिहिलेलं असतं रे?” मी सांगितलं, टायरच्या कडेवर, मापाच्या शेजारी, दोन आकडे आणि एक अक्षर. चष्मा लावून पार्किंगमध्ये गेली होती म्हणे.